जुन्या ट्रकचे इंजिन उतरवताना

शहराच्या वेशीवरील कोणत्याही ट्रक टर्मिनलमध्ये, मग ते वडाळ्याचे असो, कळंबोलीचे असो की निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतले, एक दृश्य हमखास दिसते. समोरची जाळी काढून ठेवलेला जुना ट्रक, त्याच्यापुढे तीन लोखंडी पाइप एकत्र बांधून उभी केलेली घोडी, घोडीच्या डोक्याला अडकवलेली चेन कप्पी आणि कप्पीच्या हुकाला लोंबणारे काळेकुट्ट, तेलकट इंजिन. भोवती तीन-चार माणसे. एकाचा हात साखळीवर, दुसऱ्याचा इंजिनवर, तिसऱ्याचे निम्मे शरीर गाडीखाली. बसच्या खिडकीतून पाहणाऱ्याला यात विशेष काही वाटत नाही. प्रत्यक्षात त्या क्षणी सुमारे अर्धा टन लोखंड एका हुकावर विसंबलेले असते, आणि त्या हुकाची, साखळीची वा घोडीची कोणी कधी तपासणी केली होती का, याचे उत्तर बहुधा कोणाकडेही नसते.

गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘उतरवतात’. खरे तर ते आधी वर उचलावे लागते आणि मग खाली ठेवावे लागते. सारा धोका या दोहोंच्या मधल्या काही मिनिटांत असतो. तो टाळण्यासाठी अवाढव्य यंत्रसामग्री लागते असे मुळीच नाही. लागतो तो कामाचा क्रम, आणि तो क्रम घाईत न मोडण्याची शिस्त.

येथे जुना ट्रक म्हणजे कोणता, हेही पाहायला हवे. जमशेदपूरच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले. हा करार १९६९ मध्ये संपला. त्यानंतरही त्या घडणीचा प्रभाव भारतीय ट्रकवर दीर्घकाळ राहिला. सहा सिलिंडर एका रांगेत, बिडाचा जाडजूड ब्लॉक, इलेक्ट्रॉनिक्सचा मागमूस नाही, आणि पाना फिरवता येणाऱ्या कोणालाही उघडता येईल अशी सरळ रचना. टाटांच्या ‘६९७’ इंजिनाच्या नावातच त्याची कुंडली आहे. ६ म्हणजे सिलिंडरची संख्या आणि ९७ म्हणजे मिलिमीटरमध्ये सिलिंडरचा व्यास. याच न्यायाने ‘४९७’ म्हणजे चार सिलिंडरांचे इंजिन. ते १९८६ मध्ये आलेल्या ‘४०७’ या छोट्या ट्रकमुळे घरोघरी, निदान गॅरेजोगॅरेजी, पोहोचले. सहा सिलिंडरांचे असे इंजिन त्याच्या जोडसामानासह साधारण अर्ध्या टनाच्या घरात जाते. गिअरबॉक्स जोडलेला ठेवून काढले, तर वजन आणखी बरेच वाढते.

उचलण्याआधीचा पहिला प्रश्न मात्र निराळाच आहे. इंजिन उतरवणे खरोखर आवश्यक आहे काय? ज्याला ‘हाफ इंजिन’ काम म्हणतात, म्हणजे हेड काढून, खालून तेलाचा चेंबर सोडून पिस्टन, रिंगा आणि लायनर बदलणे, ते अनेक जुन्या ट्रकमध्ये इंजिन जागेवर ठेवूनही करता येते. क्रँक काढून घासायचा असेल, ब्लॉकला तडा गेला असेल किंवा सगळेच बेअरिंग नवे घालायचे असतील, तेव्हा मात्र पर्याय उरत नाही. अनुभवी मिस्त्री हा निर्णय आधी घेतो. नवखा आधी घोडी उभी करतो.

सैल करण्याची वेळ

तयारी कंटाळवाणी असते, म्हणूनच तिच्यात चुका राहतात. गाडी सपाट आणि टणक जागेवर, शक्यतो सिमेंटच्या कोब्यावर उभी करावी. मागच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावावेत. ‘गाडी गिअरमध्ये आहे, हलणार नाही’ हा भरवसा येथे निरुपयोगी ठरतो. गिअरमधली गाडी थांबून राहते ती इंजिनाच्या कॉम्प्रेशनमुळे, आणि तेच इंजिन आपण तिच्यापासून सोडवत असतो. काही जुन्या गाड्यांत हातब्रेक चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट सोडला की तोही गेला. उरतात ते केवळ ठोकळे.

बॅटरीची निगेटिव्ह तार सर्वप्रथम काढायची. उलट क्रमाने, पॉझिटिव्ह आधी सोडताना पाना चासीला टेकला तर ठिणगी उडते, आणि शेजारीच डिझेलचे पाइप असतात. रेडिएटरचे पाणी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच सोडावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडून चेहरा भाजून घेतलेले लोक या धंद्यात कमी नाहीत. डिझेलच्या पाइपांची तोंडे स्वच्छ बुचांनी बंद करावीत. चिंध्या कोंबू नयेत, कारण चिंधीचा एक धागा पुढे पंप आणि नोझलची वाट लावू शकतो.

मग जाळी, म्हणजे गॅरेजच्या बोलीतला ‘शो’, रेडिएटर, पंखा, सायलेन्सरचा पाइप, सेल्फ, अॅक्सिलरेटरचा दांडा, ब्रेकच्या कॉम्प्रेसरचे वा एक्झॉस्टरचे पाइप, तेलाच्या दाबाची तार. आपल्याकडे ट्रक पूर्वापार नुसती चासी आणि पुढचा काऊल अशा रूपात विकला जाई, आणि लाकडी केबिन बॉडीबिल्डर आपापल्या पद्धतीने चढवी. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत तारा आणि पट्ट्या अगदी वेगळ्या ठिकाणी सापडतात. पुस्तकात नसलेली एखादी पट्टी, केबिनमधून इंजिनवर उतरवलेली एखादी अर्थिंगची जाळीदार वायर ऐन वेळी इंजिन अडवते. म्हणून सोडलेल्या प्रत्येक जोडाला खडूची खूण करण्याची जुन्या मिस्त्र्यांची सवय मोलाची आहे. बांधणी करताना तिचा उपयोग होतोच. शिवाय खूण नसलेला जोड सुटायचा राहिला आहे, हेही त्यातून कळते.

क्लचचे घर उघडताना साचलेली काळी भुकटी हवेच्या पाइपने उडवण्याची पद्धत सार्वत्रिक आहे आणि ती घातक आहे. जुन्या क्लच प्लेटांच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस वापरले जात असे. त्याची सूक्ष्म तंतूंची धूळ फुफ्फुसात गेली तर त्रास पंधरा-वीस वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसू लागतो, आणि तोवर कारण कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते. ओल्या फडक्याने पुसून काढणे एवढाच यावरचा साधा उपाय.

गिअरबॉक्स आधी काढला नसेल, तर तो खालून जॅकने आणि ठोकळ्यांनी पेलून धरावा लागतो. तसे न करता इंजिन पुढे ओढले तर गिअरबॉक्सचा सारा भार त्याच्या पुढच्या शाफ्टवर येतो. शाफ्ट वाकतो किंवा क्लच प्लेटचा हब फाटतो. नुकसान तेवढेच असते तर गोष्ट वेगळी. पण अचानक सुटलेला गिअरबॉक्स खाली असलेल्या माणसाच्या छातीवर येतो, आणि खाली माणूस असतोच.

भार कुठे टांगायचा

आता मुख्य भाग. इंजिन कशाला टांगायचे आणि कशाने, या दोन प्रश्नांवर बाकी सगळे अवलंबून आहे.

झाडाची फांदी, शेडची कैची, स्लॅबमधून बाहेर आलेला पंख्याचा हुक या तिन्ही जागा सर्रास वापरल्या जातात आणि तिन्ही वर्ज्य आहेत. पत्र्याच्या शेडचे अँगल पत्र्यांचे वजन आणि वारा पेलण्याच्या हिशेबाने बसवलेले असतात. त्यांच्या मधोमध अर्धा टन टांगण्याचा विचार त्यात केलेला नसतो. फांदी किती पोकळ झाली आहे, हे बाहेरून दिसत नाही. भिंतीत नीट रोवलेला गर्डर आणि त्यावर सरकणारी ट्रॉली ही उत्तम व्यवस्था. ती नसेल तर चाकांवरची लोखंडी चौकट. तीही नसेल तर घोडी. घोडी वाईट नाही, मात्र तिचे पाय खालच्या बाजूला एकमेकांना साखळीने बांधलेले हवेत. भार आला की पाय बाहेर फाकू पाहतात, आणि तेलाने निसरड्या झालेल्या कोब्यावर त्यांना थांबवणारे दुसरे काही नसते. मातीवर काम असेल तर प्रत्येक पायाखाली फळी द्यावी. पावसाळ्यात तर तिच्याशिवाय घोडी उभीच करू नये. रस्त्याच्या कडेला काम करताना वर विजेच्या तारा नाहीत ना, हेही पाहावे.

अलीकडे गॅरेजांतून हायड्रॉलिक क्रेन दिसू लागली आहे. तिच्यावर ‘दोन टन’ असे ठळक लिहिलेले असते. ते खरे असते, पण पुढचा दांडा पूर्ण आत ओढलेला असतानाच. दांडा बाहेर काढावा तशी क्षमता उतरत जाते, आणि अशा बऱ्याच क्रेनवर शेवटच्या भोकाला ती अवघी अर्ध्या टनावर येते. ट्रकचा बंपर ओलांडून इंजिनच्या मध्यावर पोहोचायचे तर दांडा शेवटच्याच भोकापर्यंत काढावा लागतो! मोटारीच्या इंजिनसाठी पुरेशी असलेली क्रेन ट्रकपुढे डोक्यावर का उलटते, याचे उत्तर या भोकांत आहे.

चेन कप्पीची गोष्ट वेगळी. ती साधी, स्वस्त आणि विश्वासू आहे. आतला ब्रेक चांगला असेल तर साखळी सोडून दिली तरी भार जागच्या जागी राहतो. तिच्याकडून मिळणारी एक सूचना मात्र बहुतेक जण ऐकत नाहीत. कप्पीची रचनाच अशी असते की तिच्या क्षमतेएवढा भार एका माणसाने साखळी ओढून चढावा. दुसऱ्याला मदतीला बोलवावे लागले, तर भार जास्त आहे किंवा इंजिन कुठेतरी अडकले आहे. दोन्ही बाबतींत ओढणे थांबवायचे असते. आपल्याकडे नेमक्या त्याच वेळी ‘अरे, हात लाव’ अशी हाक येते.

इंजिनच्या बाजूने पाहिले तर कारखान्यातून येताना हेडच्या पुढे आणि मागे उचलण्यासाठी कड्या दिलेल्या असतात. दहा वेळा उघडलेल्या इंजिनवर त्या सहसा नसतात. कोणीतरी काढलेल्या असतात आणि पुन्हा लावलेल्या नसतात. मग साखळी मिळेल त्या बोल्टला, मॅनिफोल्डच्या स्टडला, क्वचित रॉकर कव्हरच्या बोल्टलाही अडकवली जाते. यातले काहीच भार पेलण्यासाठी केलेले नाही. कड्या नसतील तर जाड पट्टीच्या करून घ्याव्यात आणि उच्च ताणाच्या, डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा कोरलेल्या बोल्टांनी हेडच्या वा ब्लॉकच्या जाड भागात बसवाव्यात. बोल्टचा आटा त्याच्या जाडीच्या किमान दीडपट आत गेला पाहिजे. आय बोल्ट वापरायचा तर तो सरळ वर ओढण्यासाठी असतो, हे लक्षात ठेवावे. तिरक्या ओढीत त्याची ताकद निम्म्याहूनही खाली येते.

तिरकी ओढ हाच या विषयातला सर्वांत फसवा भाग, म्हणून थोडे गणित. समजा भार ६०० किलो आहे आणि तो साखळीच्या दोन पायांवर टांगला आहे. दोन्ही पाय उभे असतील तर प्रत्येकावर ३०० किलो येतात. पाय आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येकावर सुमारे ३४६. कोन ४५ अंश झाला की ४२४. आणि ३० अंशांवर आला की प्रत्येक पायावर पूर्ण ६०० किलो. भार तोच, साखळी तीच, फक्त ती आखूड घेतली म्हणून ताण दुप्पट! छताची उंची कमी असली की साखळी आखूड घेण्याचा मोह होतो. शिवाय अशी पसरट साखळी दोन्ही कड्यांना आतल्या बाजूला ओढते, ते वेगळेच. कोन ६० अंशांच्या खाली येऊ देऊ नये, हा धोपट नियम. उंची नसेल तर दोन कड्यांच्या वर आडवा दांडा टाकून साखळ्या त्याला उभ्या लटकवाव्यात.

साखळीऐवजी माल बांधण्याचा नायलॉनचा दोर वापरणे हा तर शुद्ध वेडेपणा. दोर ताणला जातो, इंजिन खालीवर झुलते, आणि धारदार कडेवर घासून तो तुटला की टोक चाबकासारखे परत येते. वायर रोपचे तार फुटलेले असतील, हुकाचे तोंड फाकले असेल, हुकावरची झडप नसेल, साखळीची कडी लांबट झाली असेल, तर ती वस्तू भंगारात टाकावी, कोपऱ्यात ठेवू नये. कोपऱ्यात ठेवलेली साखळी गरजेच्या दिवशी बाहेर येतेच.

पहिले दोन सेंटिमीटर

साखळीला ताण आला की फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन चासीवर पेलणाऱ्या रबरी बैठकांचे, बोल्ट काढायचे. येथे एक चमत्कार घडतो आणि नवखा माणूस त्याला फसतो. कप्पी ओढली जाते, इंजिन वर येते, पण चासीपासून सुटत नाही. कारण भार कमी झाल्याबरोबर पुढचे पाटे उसासतात आणि गाडीचे तोंडही इंजिनबरोबर वर येऊ लागते. म्हणूनच उचलताना गाडी तिच्या चाकांवरच उभी हवी. पुढचा भाग जॅकवर वा स्टँडवर ठेवलेला असेल, तर वर उचलली जाणारी चासी त्या टेकूवरून अलगद सुटते आणि पुन्हा खाली येताना त्यावर नीट बसेलच असे नाही.

पाटे सैल झाल्यावर इंजिन बैठकीवरून सुटते. ते दोन सेंटिमीटर वर आले की थांबावे. खरोखर थांबावे, हात बाजूला घ्यावेत आणि पाहावे. कप्पी सरकते आहे का? इंजिन एका बाजूला कलले आहे का? फ्लायव्हीलकडची बाजू जड असल्याने मागचे टोक खाली झुकते. पुढचे टोक किती वर हवे, हे समोरच्या आडव्या क्रॉसमेंबरवर आणि चेंबरच्या खोलीवर ठरते. कड्यांची जागा चुकली असेल तर ती बदलण्याची हीच वेळ, कारण आत्ता पडले तर दोन सेंटिमीटरच पडेल. पुढे तीच चूक मीटरभर उंचीवरून दुरुस्त करावी लागते.

यानंतर इंजिन पुढे सरकवायचे असते, उचलायचे नसते. क्लचमधून गिअरबॉक्सचा शाफ्ट पूर्ण बाहेर येईपर्यंत ते पुढे येऊ द्यावे. अडले तर कप्पीने जोर लावू नये. एखादा बोल्ट, एखादी तार राहिली आहे, ती शोधावी. अडकलेल्या इंजिनावर साठवलेला ताण एकदम सुटला की ते झोक्यासारखे पुढे येते, आणि समोर उभ्या माणसाची पाठ बहुधा दुसऱ्या ट्रकला टेकलेली असते.

घोडी हलत नाही, म्हणून इंजिन टांगते ठेवून गाडी मागे ढकलतात. हा क्षण सर्वांत नाजूक. ढकलणाऱ्यांना इंजिन दिसत नाही, इंजिनजवळच्याला चाके दिसत नाहीत. त्यामुळे सूचना एकानेच द्यायची, दुसऱ्या एकाने ठोकळा हातात घेऊन चाकाशी उभे राहायचे, आणि इंजिन गाडीच्या कडेपेक्षा जेमतेम चार बोटे वर ठेवायचे. लोंबते इंजिन हाताने आवरायचे नसते. लांब दोरी बांधून दुरून आवरावे. गाडी बाहेर पडताच ते लगेच खाली घ्यावे. चहा नंतर. तेलाच्या चेंबरवर ते टेकवू नये, पत्र्याचा चेंबर चेपतो आणि इंजिन कलंडते. ब्लॉकच्या कडांखाली जाड लाकडी ठोकळे किंवा लोखंडी चौकट हवी. टांगलेल्या इंजिनाखाली वाकून चेंबरचे बोल्ट सोडायला लागणे, हे दृश्य विरळा नाही, आणि त्याच्याइतके भीषणही काही नाही.

गाडीखाली कोण जाते, याचाही विचार व्हावा. बहुधा सर्वांत बारीक अंगाचा, सर्वांत कमी वयाचा मुलगा. १९८६ च्या बालमजुरी कायद्याने मुलांना ज्या धंद्यांत बंदी केली, त्यांच्या यादीत मोटार वर्कशॉप आणि गॅरेजांचा उल्लेख होता. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना अपवाद वगळता कोणत्याही धंद्यात ठेवण्यास मनाई केली. ट्रक टर्मिनलमध्ये फेरी मारणाऱ्याला ‘पोऱ्या’ अजून भेटतो.

उचलण्याच्या साधनांबाबतही कायदा मुका नव्हता. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने साखळ्या, दोर आणि कप्प्यांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा तपासणी, तिची नोंद, आणि सुरक्षित भाराचा आकडा साधनावर स्पष्ट लिहिणे बंधनकारक केले. पण हा कायदा मूळ तरतुदीनुसार वीज वापरणाऱ्या जागी दहा आणि न वापरणाऱ्या जागी वीस कामगार असतील तिथूनच लागू होई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत कारखान्यासाठी हेच आकडे वीस आणि चाळीस आहेत. चार माणसांचे गॅरेज या व्याख्येत पूर्वीही बसत नव्हते, आता तर आणखी दूर गेले. ज्या जागी साखळी सर्वांत जुनी असते, त्याच जागी ती तपासायला कोणी येत नाही. मालकाने कप्पीवर ऑइलपेंटने तारीख लिहून ठेवली आणि वर्षाने ती उतरवून, धुऊन, कडी न् कडी डोळ्यांखालून घातली, तर त्याला फारतर एक सकाळ लागते.

बोअर होऊन, क्रँक घासून, नवे बेअरिंग घेऊन इंजिन परत येते, तेव्हा सगळे उलट क्रमाने करायचे असते. बोटे जातात ती मात्र याच फेरीत. शाफ्ट क्लचमध्ये बसत नाही, भोके जुळत नाहीत आणि कोणीतरी भोकात बोट घालून अंदाज घेतो. बोटाऐवजी दोन लांब स्टड बेलहाउसिंगमध्ये आधी लावले तर इंजिन त्यांच्यावरून आपोआप सरळ सरकते. अखेरचे सेंटिमीटरभर अंतर बोल्ट आवळून भागवण्याचाही मोह होतो. तसे केल्यास क्लच प्लेटचा हब फुटतो आणि इंजिन पुन्हा उतरवावे लागते. क्रँक हाताने थोडा फिरवला की दाते जुळतात आणि दोन्ही तोंडे हाताच्या जोराने मिटतात. फाउंडेशनचे सगळे बोल्ट बसून आवळले जाईपर्यंत कप्पीचा ताण सोडायचा नसतो. आणि ब्लॉकच बदलला असेल, तर गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी नव्या इंजिनाचा क्रमांक आरटीओत जाऊन नोंदणी प्रमाणपत्रावर चढवून घ्यावा लागतो.